टोचन : एका जुन्या पिकअपचा हिशेब

गेल्या महिन्यात आमची पिकअप भंगारात गेली. स्वतःच्या चाकांवर नाही, टोचन लावून न्यावी लागली. ज्या गाडीने बावीस वर्षं कल्याण, भिवंडी आणि शीळफाट्याच्या पट्ट्यात लोकांच्या बंद पडलेल्या गाड्या ओढल्या, तिलाच शेवटी दुसऱ्या गाडीने ओढत नेलं. मी बंद इंजिनाच्या स्टिअरिंगवर बसलो होतो. समोर पाच मीटरवर ओढणाऱ्या टेम्पोचा फाळका दिसत होता. या गाडीचा इतिहास कुणी लिहिणार नाही, हे तेव्हाच लक्षात आलं. म्हणून मी लिहितोय.

आधी शब्दाबद्दल. ‘टोचन’ हा इंग्रजीतल्या ‘टो-चेन’चा ड्रायव्हर लोकांनी केलेला अवतार. टोचणे या आपल्या क्रियापदाशी त्याचा काही संबंध नाही. घाटात गाडी बंद पडली की मराठी, भोजपुरी, पंजाबी, दखनी बोलणारे सगळे ड्रायव्हर हाच शब्द वापरतात. ‘टेम्पो’ हा शब्दही असाच आपला झाला. मुळात ते एका जर्मन कंपनीचं नाव. 1958 मध्ये बजाज टेम्पो सुरू झाली, तिची तीनचाकी रस्त्यावर आली आणि पुढे मराठीत मालाची कुठलीही छोटी गाडी म्हणजे टेम्पो ठरली.

कल्याणचा इतिहास म्हटला की प्राचीन बंदर येतं, दुर्गाडी येतो, शिवाजी महाराजांच्या आरमाराची सुरुवात येते. ठाण्याचा म्हटला की 16 एप्रिल 1853 ची पहिली आगगाडी येते. हे सगळं आलंच पाहिजे. पण गाडी बनवणाऱ्याचं नाव इतिहासात राहतं आणि ती तीस-चाळीस वर्षं चालती ठेवणाऱ्याचं राहत नाही, ही गोष्ट मला खटकते. त्यातही आमच्या समाजाचा इतिहास एक तर बादशहांचा लिहिला जातो, नाही तर दंगलींचा. ग्रीसने माखलेल्या हातांचा कुणी लिहीत नाही.

महिंद्रा अँड मोहम्मद

आमची गाडी महिंद्राची लांब चासीची पिकअप. अब्बांनी ती 1994 मध्ये वापरलेली घेतली. भिवंडीच्या मागावरून उतरलेले कापडाचे तागे डोंबिवली एमआयडीसीतल्या प्रोसेस हाऊसला पोचवायचे, हा त्यांचा धंदा. भिवंडी, कोनगाव, दुर्गाडीचा पूल, कल्याण आणि मग शीळ रस्ता. पुलावर अडकलो तर दिवस गेला.

या गाडीच्या कंपनीचं जन्मनाव किती जणांना ठाऊक आहे? 2 ऑक्टोबर 1945 रोजी ती ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ म्हणून स्थापन झाली. जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र हे महिंद्रा बंधू आणि तिसरे भागीदार मलिक गुलाम मोहम्मद. धंदा होता पोलादाच्या व्यापाराचा. दोन वर्षांत फाळणी झाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि 1951 ते 1955 या काळात गव्हर्नर जनरल. इकडे 1948 मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. ‘एम अँड एम’ ही अक्षरं मात्र तशीच राहिली.

त्याच सुमारास कंपनीने अमेरिकेच्या विलीज जीपचा परवाना मिळवला. सुटे भाग जहाजाने यायचे आणि माझगावात जीप जोडली जायची. दुसऱ्या महायुद्धासाठी बनलेलं हे वाहन. चौकटी शिडीसारखी चासी, पुढे-मागे कमानपट्टे, चारही चाकांना ओढ. आराम काही नाही, पण हातोडी आणि चार पाने असले की रस्त्याच्या कडेला उघडता येईल असं. आमच्या पिकअपचं खानदान तेच.

आमच्या मिस्त्रींना, म्हणजे उस्तादांना, मी ही हकीकत कॉलेजात असताना मोठ्या उत्साहाने सांगितली होती. ते गाडीखाली झोपून क्रॉस बदलत होते. खालूनच म्हणाले, “कागजवाले मोहम्मद गये बेटा. गॅरेजवाले इधरीच हैं. सतरा नंबर का पाना दे.”

कॅम्प

फाळणीची दुसरी बाजू आमच्या कल्याणला रोज दिसते. महायुद्धात कल्याणजवळ मोठा लष्करी तळ होता. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्याच बराकींत ठेवण्यात आलं. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते तिथे उल्हासनगरची पायाभरणी झाली. आमच्याकडचे जुने लोक अजूनही उल्हासनगरला ‘कॅम्प’च म्हणतात.

उस्ताद रबरी सील, बुश आणि पॅकिंग कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराकडून आणायचे. तो लहानपणी सिंधहून आलेला. उस्ताद त्याला ‘साईं’ म्हणायचे, तो त्यांना ‘उस्ताद’ म्हणायचा. “साईं, सील ओरिजिनल है ना?” “एकदम ओरिजिनल. ओरिजिनल उल्हासनगर!” हा विनोद मी पन्नास वेळा ऐकला असेल आणि दोघंही दर वेळी हसायचे. सील बहुतेक वेळा चांगलं निघायचं.

एका माणसाला कराचीकडून इकडे यावं लागलं, एका भागीदाराचं नाव तिकडे गेल्यामुळे पाटीवरून उतरलं, आणि या दोन घटनांच्या मध्ये आमची गाडी उभी होती. फाळणीवर भाषणं देणाऱ्यांनी एकदा त्या काउंटरवर उभं राहायला हवं होतं, असं मला वाटतं. तिथे दोन माणसं एका ऑइल सीलचा भाव करत असायची आणि कुणालाही कुणाकडून देशभक्तीचा दाखला नको असायचा.

दुरुस्ती ही शाळा कशी झाली

आपल्याकडे गॅरेजची एवढी मोठी विद्या का जमली, याचं उत्तर धोरणात आहे. जनरल मोटर्सने 1928 मध्ये मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला होता. फोर्डही मुंबईत होती. पन्नासच्या दशकात सरकारने ठरवलं की नुसती जुळणी करणाऱ्यांनी जावं, भाग इथेच बनवणाऱ्यांनी राहावं. परदेशी कंपन्या गेल्या, त्यांच्या गाड्या मात्र रस्त्यावर राहिल्या. नवी गाडी हवी तर वर्षानुवर्षं नंबर लावून थांबायचं. सुटा भाग आयात करायचा तर परवाना. अशा वेळी जुनी गाडी टाकून देणं परवडत नाही. तुटलेला भाग लेथवर नवा बनवायचा, घासलेला शाफ्ट वेल्डिंगने भरून पुन्हा मापात आणायचा, एकाचं इंजिन दुसऱ्याच्या चासीत बसवायचं. हे करणारा माणूस म्हणजे मिस्त्री.

ठाणे जिल्ह्यात या विद्येला आधारही मिळाला. 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि ठाण्याची वागळे इस्टेट तिची पहिली वसाहत ठरली. मागून डोंबिवली आली. शीळ रस्त्यावर प्रीमियरचा मोटार कारखाना आला. आज तिथलं मैदान राजकीय सभांसाठी ओळखलं जातं. मोठ्या कारखान्यांना भाग पुरवणारी छोटी वर्कशॉपं आली, लेथ आले, टर्नर आले. आणि कसारा घाटाच्या माथ्यावर इगतपुरीला महिंद्राचा इंजिनांचा कारखाना आला. 1980 च्या दशकात तिथे फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या बनावटीचं डिझेल इंजिन बनू लागलं. मिस्त्री लोक त्याला ‘चार-नव्वद’ म्हणायचे : चार सिलिंडर, 90 मिलिमीटरचा बोअर, 2112 सीसी. आमच्या गाडीत तेच होतं.

उस्ताद अकराव्या वर्षी कुर्ल्याच्या एका गॅरेजात लागले. पहिली दोन वर्षं फक्त पाने धुणं, चहा आणणं आणि नट कुठल्या मापाचा आहे हे नुसत्या बोटाने ओळखणं. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 च्या दंगलीनंतर मुंबईतून हजारो मुस्लिम कुटुंबं मुंब्रा-कौसाकडे आली, त्यांत तेही होते. येताना एक पेटी आणली होती. पेटीत कपडे कमी आणि पाने जास्त होते. शीळफाट्याजवळ पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी पुन्हा सुरुवात केली.

2006 च्या सच्चर समितीच्या अहवालात एक नोंद आहे. मुस्लिम पुरुषांचं प्रमाण ज्या कामांत जास्त दिसतं, त्यांत कापड, विडी, किरकोळ व्यापार, रस्त्यावरची वाहतूक यांच्याबरोबर वाहनदुरुस्तीही आहे. याला ‘आमच्या हातात हुनर आहे’ असं म्हणून मिरवणं सोपं आहे. पण जी दारं बंद होती त्यांचीही ही यादी आहे. नोकरीचा, तांत्रिक शिक्षणाचा रस्ता अरुंद, म्हणून पोरगं गॅरेजात. उस्तादांच्या शेडमधून माझ्या डोळ्यांसमोर दहा-बारा मुलं शिकून बाहेर पडली. कुणाकडेही आयटीआयचा कागद नव्हता. हुनर खरा, आणि कागद नसल्यामुळे त्याची झालेली कमी किंमतही खरी. दोन्ही एकदम लिहिलं पाहिजे.

जुनी गाडी कशी जगते

उस्तादांचा नियम होता : जुनी गाडी बिघडून बंद पडत नाही, दुर्लक्षाने पडते. दर जुम्म्याला नमाजाआधी अब्बा गाडी शेडमध्ये उभी करायचे. ग्रीसगनने कमानपट्ट्यांच्या पिनांना, किंगपिनला आणि शाफ्टच्या क्रॉसला ग्रीस द्यायचं. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत दाबत राहायचं. मग गिअरबॉक्स आणि मागच्या हाउसिंगचं ऑइल बोट घालून बघायचं.

पावसाळ्यात हे फार महत्त्वाचं. हाउसिंग गरम असताना गाडी पाण्यात उतरली की आतली हवा एकदम थंड होते, आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढून घेते. दुसऱ्या दिवशी ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतं. ते तसंच राहू दिलं तर महिन्याभरात बेअरिंग ओरडायला लागतं. नंतर खर्च हजारांत. आधी बघितलं तर दोन लिटर ऑइल.

डिझेल इंजिनाचं दुसरं दुखणं म्हणजे ‘एअर घेणं’. पाइपात हवा शिरली की पंप हवेलाच दाबत बसतो, नोझलला डिझेल पोचत नाही. मग फिल्टरवरचा छोटा स्क्रू सैल करायचा आणि हाताने पंप मारत राहायचं. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग धार. धार आली की स्क्रू आवळायचा. मी दहा वर्षांचा असताना हे काम माझ्याकडे होतं. शाळेत विज्ञानाच्या बाईंनी वायू दाबला जातो आणि द्रव दाबला जात नाही असं शिकवलं, तेव्हा वर्गात ते आधीपासून माहीत असलेला मी एकटाच होतो.

ओढण्याचं गणित

1997 च्या सुमारास तागे कमी झाले. उस्तादांच्या सल्ल्याने अब्बांनी हौद्यात मागच्या बाजूला लोखंडी बूम आणि चेन-कप्पी बसवून घेतली. बंद गाडीचं पुढचं तोंड उचलायचं आणि ओढत न्यायचं. ही कल्पना शंभर वर्षं जुनी आहे. अमेरिकेत टेनेसीतल्या चॅटनूगा गावात अर्नेस्ट होम्स या गॅरेजवाल्याने 1916 मध्ये जुन्या मोटारीवर कप्प्या आणि साखळी बसवून पहिली टोइंग गाडी बनवली. तोही मिस्त्रीच होता, पण त्याच्या गावात आज टोइंगचं संग्रहालय आहे.

उचलण्यात एक फसवं गणित असतं. समजा मागच्या चाकांच्या 1.2 मीटर मागे 400 किलो वजन टांगलं आणि गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर 2.4 मीटर आहे. मग मागच्या एक्सलवर 400 नाही, 600 किलो जास्त पडतात, कारण पुढच्या चाकांवरचे 200 किलो उचलले जातात. तराजूसारखं. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग लोण्यासारखं फिरतं. नवशिक्याला ते छान वाटतं, पण गाडी वळत नाही. म्हणून उस्तादांनी पुढच्या बंपरमागे जुन्या रेल्वेरुळाचा तुकडा वजन म्हणून बांधला आणि मागच्या कमानीत एकेक पट्टा वाढवला.

दोराने ओढायचं असेल तर आणखी काळजी. मागच्या गाडीचं इंजिन बंद, म्हणजे ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत बंद. पेडल दगडासारखं होतं. दोर ताणलेला ठेवण्याचं काम पुढच्याचं नसून मागच्याचं असतं. तो हलका ब्रेक लावत राहिला नाही तर दोर सैल पडतो आणि मग झटका बसतो. 1989 च्या रस्ता-नियमांत दोर पाच मीटरपेक्षा लांब नको, वेग ताशी 24 किलोमीटरपेक्षा जास्त नको आणि मागच्या गाडीत परवानाधारक माणूस हवा, असं लिहिलं होतं. रस्त्यावर किती जण पाळतात हे सगळ्यांना दिसतं.

अब्बांनीही एकदा पाळलं नाही. मुंब्र्याच्या चढावर घाईत त्यांनी हुक चासीला न लावता समोरच्या टेम्पोच्या बंपरला लावला. झटका बसला, बंपरचा तुकडा उखडला आणि हुकासकट उडून आमच्या मागच्या काचेतून आत आला. त्यांच्या डाव्या कानाचा वरचा भाग गेला. बोटभर इकडे असता तर मी हा लेख लिहीत नसतो. त्या दिवसापासून ताणलेल्या साखळीवर ओलं गोणपाट टाकल्याशिवाय त्यांनी कधी गाडी हलवली नाही. साखळी तुटलीच तर गोणपाटाचं वजन तिला खाली पाडतं.

26 जुलै

2005 च्या 26 जुलैला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. बातम्या मुंबईच्या होत्या, पण उल्हास आणि वालधुनी नद्यांनी कल्याण, उल्हासनगर, बदलापूरलाही बुडवलं. मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो. पाणी उतरल्यावर रिक्षा, टेम्पो, मोटारी चिखलात आडव्यातिडव्या पडल्या होत्या. आमची पिकअप उंचावर उभी केल्यामुळे वाचली होती.

उस्ताद पायी आले आणि पहिलं वाक्य बोलले, “किसी को सेल्फ मत मारने देना.” कारण इंजिनात पाणी असताना चावी फिरवली तर पिस्टन पाण्यावर आपटतो. पाणी दाबलं जात नाही, म्हणून कनेक्टिंग रॉड वाकतो. नुकसान पुराने होत नाही, घाईने होतं. पुढचे आठ दिवस आम्ही गाड्या ओढून उंचावर आणत होतो. डिझेलवाल्यांच्या नोझल आणि पेट्रोलवाल्यांचे प्लग काढायचे, इंजिन हाताने फिरवायचं, पिचकारीसारखं पाणी बाहेर यायचं. मग ऑइल बदलायचं, थोडं चालवायचं, पुन्हा बदलायचं.

पैशावरून अब्बा आणि उस्तादांचं भांडण झालं. अब्बा म्हणत होते, फक्त डिझेलचे घ्यायचे. उस्ताद म्हणाले, “भाईजान, आप सवाब कमाओ. मेरे लडके आठ दिन से भूखे काम कर रहे हैं.” दोघंही बरोबर होते. शेवटी ठरलं : रिक्षावाल्याकडून फक्त डिझेलचे, मोटारवाल्याकडून पूर्ण. कुणी कुठल्या गल्लीतला, कुठल्या नावाचा, हे त्या हिशेबात कधी आलं नाही. कॅम्पातल्या साईंचं दुकान बुडालं होतं. त्यांची व्हॅन आम्ही तिसऱ्या दिवशी ओढली. उस्तादांनी त्यांच्याकडून काहीच घेतलं नाही. साईंनी नंतर वर्षभर सील फुकट दिले आणि हे सील खरोखर ओरिजिनल आहेत असं सांगितलं.

कापलेला नंबर

2016 मध्ये अब्बा गेले. त्यानंतर गाडी उभीच होती. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दर वर्षी पासिंग लागतं आणि ते मी केलं नाही. ऑगस्ट 2021 मध्ये वाहन मोडीत काढण्याचं राष्ट्रीय धोरण जाहीर झालं, तेव्हापासून घरात चर्चा होती.

मला त्या धोरणाचा राग आला असता तर लेखाला शोभलं असतं. पण खरं सांगतो, आला नाही. आमची गाडी चढावर काळा धूर सोडायची आणि तो धूर मुंब्र्याच्या, शीळच्या पोरांच्याच छातीत जायचा. ब्रेक आजच्या मापाने कमजोर होते. जुनं आहे म्हणून पवित्र आहे, असं मला वाटत नाही. माझं म्हणणं एवढंच की गाडी मोडीत काढण्याला धोरण आहे, तारीख आहे, दाखला आहे. मिस्त्रीला काहीच नाही. नव्या गाड्या कॉम्प्युटर लावल्याशिवाय उघडत नाहीत. इलेक्ट्रिक टेम्पोला ना नोझल, ना क्लच. उस्तादांच्या शेडमधून शिकलेल्या मुलांतला एक आता डिलिव्हरी करतो, एक सौदीला आहे, एकाने स्कॅनर घेतला आणि रात्री मोबाइलवर बघून शिकतो आहे. त्याला कुणी शिकवलं, कागद दिला, तर तो टिकेल. जमातीच्या संस्था दर वर्षी गुणवंतांचे सत्कार करतात. त्यांनी एक संध्याकाळ मिस्त्रींच्या प्रशिक्षणाला दिली तर आमच्या वस्त्यांना त्याचा जास्त उपयोग होईल.

मोडीत काढताना चासीवरचा नंबर कापला जातो. इंजिनाचे भाग वेगळे, लोखंड वेगळं. उस्ताद आता सत्तरीच्या पुढे आहेत, डोळ्यांनी कमी दिसतं. तरी ते आले होते. कटर लागण्याआधी त्यांनी चासीवर हात फिरवला आणि मागच्या कमानीतला वाढवलेला पट्टा बोटांनी मोजला. म्हणाले, “मेरा लगाया हुआ है. हिला नहीं.”

साखळी आणि चेन-कप्पी मी ठेवून घेतली. स्कॅनरवाला मुलगा मागतोय. पुढच्या जुम्म्याला त्याला देणार आहे, गोणपाटासकट.